नजर, काठी आणि चेंडू : लॅक्रॉसविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही स्थान मिळाले, आणि तेव्हापासून या सदराकडे या खेळाविषयी पत्रे येऊ लागली आहेत. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या या जुन्या खेळात टोकाला जाळी असलेल्या काठीने भरीव रबरी चेंडू झेलायचा, तो जाळीत झुलवत धावायचे आणि सहकाऱ्याकडे किंवा गोलात फेकायचा असतो. ऑलिम्पिकमध्ये त्याचा सहा-सहा खेळाडूंचा ‘सिक्सेस’ हा प्रकार खेळला जाणार आहे. कोकण किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांपैकी नजर आणि हात यांच्या मेळाविषयीची चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक असून यंदा आठवी ते दहावीच्या मुलामुलींना लॅक्रॉस शिकवू लागलो आहे. मुले चेंडू बऱ्यापैकी फेकतात, पण झेलताना निम्मे पास सुटतात. काही जण चेंडू जवळ येताच डोळे मिटतात, तर काही जण चेंडूऐवजी स्वतःच्या जाळीकडेच पाहत राहतात. नजर सुधारण्यासाठी काचांची उघडझाप होणारे चष्मे, मोबाइलवरचे अ‍ॅप आणि बुबुळे गोल फिरवण्याचे व्यायाम असे उपाय काही जणांनी सुचवले आहेत. शाळेने यावर खर्च करावा का? — एक क्रीडाशिक्षक, गुहागर

उत्तर : सर, करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पैसे चेंडू, डोळ्यांची संरक्षक साधने आणि सर्व मुलांची एकदा नीट नेत्रतपासणी यांवर लावावेत. सर्वसाधारण दृष्टिव्यायामांची पारख करणारा एक प्रयोग ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि जोआन वुड यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला होता. बाजारात मिळणारे दृष्टिव्यायाम केलेल्यांची प्रगती ते न केलेल्यांपेक्षा सरस असल्याचे त्यात आढळले नाही. चाचणीतले गुण वाढले ते सर्वांचेच वाढले, कारण तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना ती ओळखीची झालेली असते. अ‍ॅपवर ठिपके टिपणारा मुलगा ठिपके टिपण्यात तरबेज होतो, पास झेलण्यात होईलच असे नाही. उघडझाप चष्म्यांबद्दल एवढेच म्हणेन, की ज्याला सबंध दिसणारा चेंडू झेलता येत नाही त्याच्यापुढे तुटक दिसणारा चेंडू ठेवण्याची घाई कशाला?

नेत्रतपासणी मात्र टाळू नये. चष्मा लागलेला असूनही तो लागला आहे हे ठाऊक नसलेली मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि ‘याचे हात ढिले आहेत’ असा शिक्का बसतो तो बहुधा अशांवरच. दोन्ही डोळ्यांनी मिळून तक्ता वाचता आला म्हणजे झाले, असे समजू नये. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला पाहिजे, कारण एक डोळा अधू असला तरी दुसरा त्याचे काम चालवून नेतो आणि अंतराचा अंदाज तेवढा कच्चा राहतो. चेंडू किती लांब आहे हे सूक्ष्मपणे कळण्यासाठी दोन्ही डोळ्यांची चित्रे मेंदूत एकत्र यावी लागतात. नेहमी चेंडूच्या आधी किंवा नंतर जाळी फिरवणाऱ्या मुलाबाबत डॉक्टरांना हे मुद्दाम सांगावे.

आता झेलण्याविषयी. पंधरा मीटरवरून ताशी ५४ किलोमीटर वेगाने आलेला पास बरोबर एका सेकंदात पोचतो. डोळ्याने पाहिलेल्या बदलाप्रमाणे हाताची हालचाल बदलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात हा चेंडू तीन मीटर अंतर तोडतो. याचा अर्थ असा, की शेवटच्या तीन मीटरांत जे दिसते त्याचा त्या झेलाला फारसा उपयोग नसतो. झेल ठरतो तो त्याआधीच्या माहितीवर. शिवाय चेंडू अगदी जवळ आला, की त्याच्यामागे सलग फिरणे डोळ्यांना जमत नाही आणि नजर उडी मारून पुढे जाते. क्रिकेटमधील फलंदाजांच्या नजरेची मोजमापे मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली, त्यांतही हेच दिसले : फलंदाज गोलंदाजाच्या हातातून सुटणारा चेंडू पाहतो आणि मग चेंडूच्या पुढे जाऊन तो जिथे टप्पा खाणार तिथे नजर नेऊन ठेवतो, चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. म्हणून ‘चेंडूवरून नजर हटवू नका’ एवढेच ओरडण्यापेक्षा ‘फेकणाऱ्याच्या जाळीतून चेंडू सुटताना पाहा’ असे सांगावे. ही सूचना मुलांना पाळता येते, आणि तिचा परिणाम थोड्याच दिवसांत दिसू लागतो.

स्वतःच्या जाळीकडे पाहणाऱ्या मुलांचा प्रश्न डोळ्यांचा नसून हातांचा आहे. काठीच्या टोकाची जाळी नेमकी कुठे आहे हे त्यांच्या हातांना अजून कळत नाही, म्हणून ती खात्री डोळ्यांनी करून घेतात. बागेत आंबे उतरवणाऱ्या गड्याकडे त्यांना एकदा लक्ष देऊन पाहायला सांगा. त्याची नजर वर, आंब्याच्या देठावर असते. लांब बांबूच्या टोकाचा झेला पानांतून वाट काढत बरोबर त्या देठाखाली जातो आणि हलका झटका बसताच आंबा जाळीत उतरतो, पण झेल्याकडे तो क्वचितच पाहतो. हे कसब बांबू हातात धरूनच येते. लॅक्रॉससाठीही पहिले काही दिवस मुलांना काठी जाळीच्या अगदी जवळ धरायला लावावी, म्हणजे जाळी जवळजवळ तळहाताइतकी हाताशी राहील. झेल बसू लागले, की वरचा हात थोडा थोडा खाली सरकवावा. त्याआधी एक-दोन तास नुसत्या हातांनी झेलण्यात घालवले तरी ते वाया गेले असे समजू नये. चेंडू जाळीत झुलवत चालताना आपण समोरून बोटे दाखवावीत आणि मुलांनी आकडा मोठ्याने सांगावा; खाली पाहण्याची सवय यानेच सुटते.

डोळे मिटणे हे भित्रेपणाचे लक्षण नाही. चेहऱ्याकडे काही वेगाने आले, की पापणी मिटणे हे शरीराचे उपजत संरक्षण आहे. ते रागावून जात नाही, धोका कमी करून हळूहळू जाते. लॅक्रॉसचा चेंडू टेनिसच्या चेंडूपेक्षा किंचित लहान, परंतु वजनाने १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या जवळपास जाणारा आणि भरीव असतो. मुले त्याला बिचकतात यात नवल नाही. नुसत्या हातांच्या झेलांसाठी टेनिसचा चेंडू उत्तम. जाळीत मात्र तो हलका असल्याने ठरत नाही, उसळून बाहेर पडतो, आणि मुलांना उगीच वाटते की आपले चुकले. त्यामुळे काठीच्या सरावाला लॅक्रॉसच्याच मापाचा मऊ चेंडू मिळाल्यास तो घ्यावा. कठीण चेंडू हाती द्यायचा तो संरक्षक साधने चढवल्यावरच. आणि पास चेहऱ्यासमोर न घेता कानाच्या बाजूला, खांद्याच्या वर घ्यायला शिकवावे; चेंडू नाकाच्या रोखाने येत नाही हे कळले, की पापणीही निवळते.

यानंतर खरी मेहनत भिंतीवर होते. लॅक्रॉस जिथे रुजला आहे तिथले खेळाडू लहानपणापासून एकट्याने भिंतीवर चेंडू मारून झेलत असतात, आणि या सरावाला तोड नाही. गिलावा केलेल्या सपाट भिंतीपासून तीन-चार मीटरवर उभे राहून सुरुवात करावी. उजव्या हाताने पन्नास, डाव्या हाताने पन्नास, मग एका हाताने फेकून दुसऱ्या बाजूला झेल. हे अंगवळणी पडल्यावर शाळेच्या मागची गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत धरावी. चिऱ्याच्या खडबडीत अंगावरून आणि सांध्यांवरून चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे डोळ्यांना प्रत्येक वेळी नव्याने वाचावे लागते. चेंडूवर जाड पेनाने तीन-चार आकडे लिहून, परत येताना दिसलेला आकडा ओरडून सांगण्याचा खेळ मुलांना आवडतो. आकडा प्रत्येक वेळी दिसणार नाही, पण तो शोधण्याच्या नादात चेंडू लवकर नजरेत येतो. रोज पंधरा मिनिटे आठवडाभर केलेला सराव रविवारच्या सलग दोन तासांहून अधिक टिकतो. तसेच एकाच प्रकारचा पास पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा उंच, सखल, डावा, उजवा असा मिसळून द्यावा. त्या दिवशी चुका अधिक होतील, परंतु शिकलेले पुढच्या आठवड्यात शिल्लक राहील.

सामन्यात चेंडू पाहणे हे अर्धेच काम असते. पास हवेत असतानाच, तो झेलण्यापूर्वी, एकदा खांद्यावरून मागे पाहून प्रतिस्पर्धी कुठे आहे हे टिपता आले पाहिजे. यासाठी झेलणाऱ्याच्या मागे एकाला उभे करावे, त्याने हात वर किंवा खाली धरावा, आणि झेलणाऱ्याने पास सुटण्याआधी मागे पाहून ‘वर’ की ‘खाली’ ते सांगावे. आट्यापाट्या किंवा खो-खो खेळलेली मुले यात लवकर तयार होतात असे माझे निरीक्षण आहे. एका वेळी दोघांवर लक्ष ठेवण्याची त्यांना सवय असते.

एक बारीकशी, पण महत्त्वाची गोष्ट राहिली. आपल्याकडच्या तांबड्या मातीवर आणि जांभ्याच्या सड्यावर नारिंगी चेंडू हरवतो; तिथे पिवळा किंवा पांढरा वापरावा. पुळणीवर उलट पांढरा चेंडू वाळूत मिसळतो, तिथे नारिंगी बरा.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून तिला दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबरचा चष्मा आहे. तिला लॅक्रॉसची अतोनात आवड आहे, पण खेळताना ती चष्मा काढून ठेवते. घरातील वडीलधारी मंडळी त्राटक करायला सांगतात, म्हणजे नंबर उतरेल. तिला खेळू द्यावे का? — एक आई, मालवण

उत्तर : ताई, जरूर खेळू द्यावे, परंतु चष्म्याविना नाही. उणे अडीच नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याविना सुमारे ४० सेंटीमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. पंधरा मीटरवर चेंडू जाळीतून सुटताना पाहायचा, तर तो तिला अंधूक ठिपक्यासारखा दिसत असणार. तरीही ती खेळते आहे याचा अर्थ तिच्या हातांत गुण आहे, आणि नीट दिसू लागल्यावर तिचा खेळ किती पुढे जाईल याची मला उत्सुकता वाटते.

रोजचा चष्मा लावूनही मात्र खेळू नये, कारण चेंडू किंवा काठी लागल्यास फ्रेम आणि काचा डोळ्यातच रुतू शकतात. तिच्या नंबरच्या पॉलिकार्बोनेट काचा बसवलेला, मागे पट्टा असलेला खेळाचा गॉगल करून घ्यावा. पॉलिकार्बोनेट आघात सोसते आणि सहसा फुटत नाही. अमेरिकेत मुलींच्या व स्त्रियांच्या लॅक्रॉसमध्ये डोळ्यांचे संरक्षण २००५ पासून बंधनकारक आहे. खास मुलींच्या लॅक्रॉससाठी बनवलेला गॉगल मागवायचा असल्यास त्यावर ‘एएसटीएम एफ ३०७७’ हे मानक पाहावे, आणि तो नंबरच्या चष्म्यावर किंवा लेन्सवर नीट बसतो का ते दुकानदाराला आधी विचारावे.

कॉन्टॅक्ट लेन्सने बाजूचे क्षेत्र मोकळे दिसते, हा तिचा मोठा फायदा. पण लेन्स म्हणजे संरक्षण नव्हे. तिच्यावर गॉगल हवाच. आपल्याकडे किनाऱ्यावर खेळल्यानंतर मुले तशीच समुद्रात उतरतात, ते लेन्स घालून अजिबात करू नये, आणि लेन्स नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने कधीही धुऊ नये. त्या पाण्यातील जंतूंमुळे बुबुळाला होणारा संसर्ग दृष्टी घालवण्याइतका गंभीर असू शकतो. लेन्स काढणे, धुणे आणि ठेवणे हे ती स्वतः न चुकता करील अशी खात्री असेल तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने हा पर्याय घ्यावा.

त्राटकाने चित्त एकाग्र होण्यास मदत होत असेल तर त्याला माझी हरकत नाही. नंबर मात्र त्याने उतरत नाही, कारण असा उणे नंबर बहुधा नेत्रगोल लांबीने वाढल्यामुळे येतो आणि एकटक पाहण्याने ती लांबी कमी होत नाही. सूर्याकडे पाहून त्राटक तर कोणालाही करू देऊ नये. दृष्टिपटल कायमचे भाजते. वडीलधाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी : मुले दिवसाउजेडी घराबाहेर अधिक वेळ असली, की त्यांना असा नंबर लागण्याचे प्रमाण कमी होते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. तिला नंबर आधीच लागलेला आहे हे खरे, पण धाकटी भावंडे असतील तर त्यांनाही तिच्याबरोबर मैदानावर पाठवावे.

डोळ्याला मार बसून लाली, दुखणे, डोळ्यासमोर चमक, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखे वाटल्यास डोळा चोळू नये, त्यात गुलाबपाणी किंवा घरातले थेंब घालू नयेत, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

प्रश्न : मी आमच्या महाविद्यालयाच्या संघात गोलरक्षक आहे. समोर गर्दी असली, की फटका सुटल्याचे मला कळतच नाही आणि चेंडू जाळीत गेल्यावरच दिसतो. माझा प्रतिसाद मंद आहे का? तो वेगवान करण्यासाठी काय करावे? — एक विद्यार्थी, अलिबाग

उत्तर : तुमचा प्रतिसाद मंद असण्याची शक्यता कमी आहे. नऊ मीटरवरून ताशी १०८ किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू तुमच्यापर्यंत पोचायला सेकंदाचे केवळ तीन दशांश लागतात. त्यातले दोन दशांश नुसते पाहून हलायला सुरुवात करण्यातच जातात. उरलेल्या एक दशांशात १.८३ मीटर रुंद आणि तेवढ्याच उंच गोलाचा कोपरा गाठणे कोणालाही जड आहे. उत्तम गोलरक्षक अधिक चपळ असतो त्यापेक्षा तो अधिक लवकर पाहतो : फटका सुटण्यापूर्वीच मारणाऱ्याच्या काठीचे टोक, खालचा हात आणि खांदा यांवरून दिशा ताडतो.

नजर कुठे ठेवावी, यावर बर्फावरच्या हॉकीतील गोलरक्षकांचा अभ्यास उपयोगी पडतो. डेरेक पँचुक आणि जोन विकर्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात, फटका अडवला जाई तेव्हा गोलरक्षकाची नजर मारण्यापूर्वीच चकती आणि काठी यांवर स्थिरावलेली असे. लॅक्रॉसमध्ये याचा अर्थ काठीच्या जाळीतील चेंडूवर नजर. मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे आणि चेहऱ्याकडे पाहू नका, ते फसवतात. गर्दीत चेंडू लपला, तर लपलेल्या जागेकडे टक लावून न राहता अर्धे पाऊल बाजूला सरकून फट शोधा, आणि बचाव करणाऱ्या सहकाऱ्याला ओरडून हलवा. तुमची दृष्टी मोकळी ठेवणे हे त्याचेही काम आहे.

घरी करता येईल असा एक सराव सांगतो, आणि या उत्तरातील सर्वांत मोलाचा तोच आहे. मित्राला गोलाच्या जागेवरून, मोबाइल तिवईवर ठेवून, संघातील प्रत्येकाचे वेगवेगळ्या कोपऱ्यांकडचे फटके चित्रित करायला सांगा. तुम्ही स्वतः त्या वेळी समोर उभे राहायचे नाही. मग चित्रण पाहताना चेंडू जाळीतून सुटण्याच्या क्षणी ते थांबवा आणि कोपरा कोणता ते आधी वहीत लिहा, नंतर पुढचे पाहा. चुकल्यावर तोच फटका पुन्हा सावकाश पाहून खूण कुठे होती ते शोधा. कुणाचा खालचा हात आधी ओढला जातो, कुणाची काठी बाजूला पडते, हे हळूहळू दिसू लागते. चित्रणावर कोपरे बरोबर येऊ लागले, की मैदानावर मऊ चेंडूने तोच सराव करा. अडवण्याची घाई न करता सुरुवातीला नुसता कोपरा ओरडून सांगा.

कठीण चेंडूचा सराव शिरस्त्राण, गळ्याचे संरक्षक आणि छातीचे संरक्षक यांविना एकदाही करू नका. हृदयाच्या ठोक्यातील नेमक्या क्षणी छातीवर बसलेला फटका, तो फार जोराचा नसला तरी, हृदयाची लय बिघडवून प्राण घेऊ शकतो. छातीचे संरक्षक या धोक्याचा विचार करून बनवलेले आहे का, हे विकत घेताना विचारा.

प्रश्न : आम्ही संध्याकाळी किनाऱ्यावर खेळतो. चेंडू सारखा उन्हात हरवतो. आणि पावसाळ्यात तर सराव बंदच पडतो. काही उपाय? — एक खेळाडू, वेंगुर्ले

उत्तर : आपल्या किनाऱ्यावर मावळता सूर्य समुद्रावर असतो, आणि त्याची तिरीप पाण्यावरूनही डोळ्यांत येते. त्यामुळे एक गोल समुद्राकडे आणि दुसरा सुरूच्या बनाकडे असे मैदान कधीही आखू नये. गोल उत्तर-दक्षिण ठेवावेत, म्हणजे दोन्ही संघांना ऊन बाजूने लागेल. जोडीने पास देतानाही किनाऱ्याला समांतर उभे राहावे. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू मोकळी होते, तिथेच जमिनीवरचे चेंडू उचलण्याचा सराव करता येतो. कोरड्या वाळूत चेंडू जागीच रुततो आणि नजरेला काहीच शिकायला मिळत नाही. सूर्य बुडाल्यावर कठीण चेंडू पिशवीत टाकावा. कमी उजेडात चेंडूचा वेग आणि अंतर दोन्हींचा अंदाज चुकतो, आणि मार बसतो तो बहुधा ‘शेवटचा एक’ म्हणत खेळताना.

जून ते सप्टेंबर शाळेचे सभागृह, नाही तर घराची पडवीही पुरते. दोन मीटरवरून मऊ चेंडू भिंतीवर मारून दोन्ही हातांनी झेलावा. दुसरा सराव दोघांचा : एकाने दोन रंगांचे चेंडू खांद्याच्या उंचीवर धरावेत, रंग पुकारत त्यातला एक सोडावा आणि समोरच्याने तो जमिनीला लागण्यापूर्वी जाळीत घ्यावा. पडवीत दिवा झेलणाऱ्याच्या मागे असावा, समोर नसावा. ओला झालेला चेंडू जाळीतून निसटतो आणि पास भलतीकडे जातो, म्हणून जवळ एक सुके फडके ठेवावे. सराव संपल्यावर जाळी पिशवीत कोंबून न ठेवता वाऱ्यावर टांगावी. दमट हवेत जाळीच्या दोऱ्या ढिल्या पडून खोली बदलली, तर हातांना जमलेला अंदाज पुन्हा बसवावा लागतो.